खांब, तार आणि मालकी



टेलिफोन आणि इंटरनेट या सेवांचा विचार आपल्याकडे बहुधा ग्राहकाच्या खिशापुरताच होतो. कोणत्या कंपनीचे रिचार्ज स्वस्त पडते, कोणाची जोडणी पावसाळ्यात टिकते, एवढ्यापाशी चर्चा थांबते. २०१६ च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओने फुकट सेवेचे दार उघडले तेव्हा मक्तेदारीविरुद्ध भाषणे करणारे कार्यकर्तेही सिमकार्डासाठी रांगेत उभे राहिले, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. पुढे बाजारात मोठ्या खाजगी कंपन्या तीनच उरल्या, आणि जुलै २०२४ मध्ये या तिघींनी एक-दोन दिवसांच्या अंतराने आपापले दर वाढवले. लोक संतापले, परंतु त्या संतापाला धरून बसायला मुद्दा सापडला नाही. दराचा प्रश्न हा मागाहून येणारा प्रश्न आहे. ज्या तारेतून ही सेवा घरात येते ती तार कोणाच्या मालकीची, हा त्याच्या आधीचा प्रश्न होय, आणि तो आपण कधी विचारलेलाच नाही.

एका शहराने तो विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतः दिले. हे शहर समाजवादी म्हणवणाऱ्या कोणत्या देशात नाही. ते अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेनेसी नावाच्या अत्यंत सनातनी वळणाच्या राज्यात आहे. चॅटनूगा हे त्याचे नाव. वस्ती सुमारे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे आपल्या हिशेबाने मध्यम आकाराचे जिल्ह्याचे गाव. ओतशाळा आणि कारखाने यांच्या धुराने हे गाव इतके काळवंडले होते की १९६९ मध्ये अमेरिकेतील सर्वांत दूषित हवेचे शहर म्हणून त्याची नोंद झाली. पुढे कारखानेही ओसरले. या गावात २०१० च्या सप्टेंबरात सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी बिट, वेगाचे इंटरनेट शहराच्या कोणत्याही घराला मागताक्षणी मिळू लागले. अमेरिकेत अशी शहरव्यापी सेवा प्रथम येथेच सुरू झाली. गूगलसारख्या कंपनीने आपले पहिले शहर निवडून जाहीर केले ते २०११ मध्ये. ही सेवा देणारी संस्था म्हणजे त्या गावचे सार्वजनिक वीजमंडळ होते.

वीजमंडळ इंटरनेट विकू लागले ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तिचा उलगडा होण्यासाठी सत्तर-ऐंशी वर्षे मागे जावे लागते.

१९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. वीज खाजगी कंपन्यांच्या हाती होती, आणि खेड्यात तार नेणे परवडत नाही हा त्यांचा ठरलेला जबाब होता. त्यांच्या हिशेबवहीपुरता तो खोटाही नव्हता. मैलभर तार ओढायची आणि तिच्यावर तीन गिऱ्हाईके मिळायची, तर पाच-सात वर्षांत भांडवल वसूल करू पाहणाऱ्याने ते काम करू नये हेच योग्य. प्रश्न असा होता की वसुलीचा काळ पाच वर्षांचाच का धरावा? नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आले होते. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर मे १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचा कायदा झाला. याच प्राधिकरणाच्या नमुन्यावर १९४८ मध्ये आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले, हे अनेकांना ठाऊक असेल.

प्राधिकरण वीज निर्माण करणार होते. ती घरोघर वाटणारी संस्था स्थानिक असावी अशी योजना होती. चॅटनूगाच्या नागरिकांनी १९३५ मध्ये मतदान करून सार्वजनिक विजेसाठी कर्जरोखे काढण्यास संमती दिली आणि त्याच वर्षी राज्याच्या कायद्याने शहराचे वीजमंडळ स्थापन झाले. यावर खाजगी वीज कंपन्या न्यायालयात गेल्या. टेनेसी इलेक्ट्रिक पॉवर कंपनी विरुद्ध टेनेसी खोरे प्राधिकरण हा तो प्रसिद्ध खटला. कंपन्यांचे म्हणणे असे की सरकारी विजेच्या स्पर्धेमुळे आमचा धंदा बुडेल, म्हणून ती स्पर्धाच बेकायदा ठरवावी. ३० जानेवारी १९३९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : स्पर्धेपासून मुक्त राहण्याचा कायदेशीर हक्क या कंपन्यांना नाही, म्हणून त्यांना दाद मागण्याचाही अधिकार नाही. त्याच वर्षी कंपनीने आपली मालमत्ता सुमारे सात कोटी ऐंशी लाख डॉलरांस प्राधिकरणाला आणि स्थानिक मंडळांना विकली, आणि चॅटनूगाच्या तारा चॅटनूगाच्या झाल्या. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणारे भांडवल स्पर्धा अंगावर आली की कचेरीची पायरी चढते. या गावात ते दोनदा चढले. दुसऱ्यांदाची कथा पुढे येईल.

टेलिफोनचा इतिहासही असाच आहे. ग्राहम बेलची पेटंटे १८९३-९४ मध्ये संपली. बेलची कंपनी शहरे सोडून खेड्यात यायला तयार नव्हती, तेव्हा अमेरिकन शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या लाइनी टाकल्या. काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच टेलिफोन चालवला गेला. पावसात तो बंद पडे, हे सांगायला नकोच! अशा शेकडो छोट्या संस्था पुढे मोडकळीस आल्या. वीज सहकारी संस्थांना सरकार १९३६ च्या कायद्याने अल्प व्याजाची कर्जे देत होते. १९४९ मध्ये तीच सवलत ग्रामीण टेलिफोनला मिळाली. त्यानंतर मात्र त्या क्षेत्रातील सहकारी संस्थांची मुळे इतकी घट्ट रुजली की त्यांपैकी कित्येक आज आपल्या सभासदांना इंटरनेटही पुरवतात. शेतकऱ्यांचा उत्साह दोन्ही वेळी होता. टिकाऊ संस्था उभी राहिली ती त्याला दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाची जोड मिळाल्यावर. सहकाराचे गुणगान करताना हा फरक आपल्याकडे सोयिस्करपणे विसरला जातो.

आता पुन्हा चॅटनूगाकडे. १९९६ पासून या मंडळाचे नेतृत्व हॅरल्ड डीप्रीस्ट नावाच्या अभियंत्याकडे होते, आणि त्याच्यासमोरची मूळ अडचण विजेची होती. वादळात झाड कोसळते, तार तुटते, आणि एका ठिकाणच्या बिघाडामुळे दहा मोहल्ले अंधारात जातात. पूर्वी अशा वेळी लाइनमन गाडीत बसून, विजेरीचा झोत टाकीत, खांबाखांबाने बिघाड शोधत जात. तारेच्या ठराविक अंतरांवर स्वयंचलित स्विच बसवले आणि ते एकमेकांशी क्षणार्धात बोलू शकले, तर तुटलेला तुकडा आपोआप वेगळा काढून उरलेल्या घरांना दुसऱ्या बाजूने वीज देता येते. परंतु हजाराहून अधिक स्विच आणि लाखाहून अधिक मीटर एकमेकांशी बोलायचे तर त्यांना वाहक हवा. तो वाहक म्हणजे प्रकाशतंतूंची तार, ज्याला आज सर्वत्र फायबर म्हणतात. एकदा ती तार प्रत्येक घराच्या मीटरपर्यंत गेली की तिच्या वाहनक्षमतेचा अगदी किरकोळ हिस्सा विजेच्या कामासाठी लागतो. उरलेला हिस्सा रिकामाच पडून राहणार. मग त्यातून टेलिफोन, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट का देऊ नये?

व्यापारी संस्थांना टेलिफोन देण्यास मंडळाने २००० च्या सुमारासच आरंभ केला होता. घरोघर जाण्याचा निर्णय २००७-०८ मधला. त्यासाठी सुमारे बावीस कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढण्यात आले. त्याबरोबर कॉमकास्ट ही तेथील बलाढ्य केबल कंपनी आणि राज्यातील केबलवाल्यांची संघटना न्यायालयात धावली. जुन्या वीज कंपन्यांचे वारसच ते! त्यांचा मुख्य मुद्दा असा की वीजमंडळ विजेच्या ग्राहकांचा पैसा इंटरनेटमध्ये घालील आणि त्यायोगे आमच्याशी अन्यायाची स्पर्धा करील. हे दावेही टिकले नाहीत.

तरी त्यांचा मुद्दा बोलणाऱ्याचे तोंड पाहून झटकून टाकणे बरोबर नाही. एक दिवा आणि एक शेगडी वापरणाऱ्या विधवेच्या वीजबिलातून शेजारच्या श्रीमंताच्या चित्रपटांचा खर्च भागत असेल तर त्याला समाजवाद म्हणता येणार नाही. टेनेसीच्या कायद्याने त्याचा बंदोबस्त केलेला आहे. इंटरनेटचा विभाग हिशेबाने पूर्णपणे वेगळा ठेवावा लागतो. वीज विभागाकडून घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते. तारेच्या वापराचे भाडे द्यावे लागते. खर्चापेक्षा कमी भावात सेवा विकता येत नाही. घडले ते आरोपाच्या उलट. फायबर विभागाकडून मिळणाऱ्या भाड्यामुळे विजेचे दर आटोक्यात राहिले, असे मंडळाचे म्हणणे आहे. संस्था नफ्यासाठी नाही. तिचे पाच जणांचे संचालक मंडळ महापौर नेमतो आणि नगर परिषद त्याला मान्यता देते. वाटून घ्यायला भागधारकच नसल्यामुळे जे शिल्लक पडते ते एकतर तारेत जाते, नाहीतर दरात.

दुसरी गोष्टही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दहा वर्षांत पुरे व्हायचे काम तीन वर्षांत झाले याचे श्रेय एकट्या गावाला नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ओबामा सरकारने मंदीवर उतारा म्हणून जो खर्च केला त्यातून या मंडळाला २००९ मध्ये अकरा कोटी पंधरा लाख डॉलरांचे अनुदान मिळाले. ते सुधारित वीजजाळ्यासाठी होते, पण तार तीच. आम्ही आमच्या हिमतीवर उभे राहिलो असे चॅटनूगाच्या चाहत्यांनी कितीही म्हटले, तरी एकूण भांडवलाचा सुमारे तिसरा हिस्सा देशाच्या तिजोरीतून आला. यात गैर काही नाही. १९३५ ची वीजही अशीच आली होती. गावाने स्वीकारलेली जबाबदारी आणि मध्यवर्ती सरकारचा पैसा यांच्या संयोगातून हे काम झाले. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात खांबांची परस्परांवर पडणारी भिस्तही होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या धंद्याचे स्वरूप अगदी सोपे आहे. खर्चाचा डोंगर सुरुवातीला : चर खणणे, खांब, तार, घरापर्यंतची जोडणी. ती झाल्यावर आणखी एक गिऱ्हाईक जोडायला वा आणखी एक संदेश पाठवायला जवळपास काही लागत नाही. अशा धंद्यात दोन-तीन कंपन्यांनी एकाच गल्लीत आपापल्या तारा ओढणे म्हणजे एकाच नदीवर शेजारी शेजारी तीन पूल बांधणे होय. आपल्या शहरांत झाडांवरून, गच्च्यांवरून आणि दिव्यांच्या खांबांवरून लोंबणारी केबलवाल्यांची जाळी हे त्याचे रोज दिसणारे प्रदर्शन आहे. पूल एकच असायचा तर तो मक्तेदाराचा असेल किंवा सर्वांचा असेल. स्पर्धेचे नियम ही निवड टाळू शकत नाहीत, फार तर लांबवतात. वीजमंडळाकडे तर पुलाचे निम्मे साहित्य आधीपासूनच होते. खांब त्याचे, रस्ता खणण्याची परवानगी त्याची, प्रत्येक घराशी बिलाचा संबंध त्याचा, आणि वीस-पंचवीस वर्षे थांबण्याची तयारी असलेले रोखेही त्याचेच. आरंभी गिगाबिटचा दर महिन्याला साडेतीनशे डॉलर होता. २०१३ मध्ये तो सत्तरच्या घरात आला. २०१८ मध्ये इंटरनेटच्या ग्राहकांची संख्या एक लाखावर गेली. २०१५ मध्ये दहा गिगाबिटची आणि २०२२ मध्ये पंचवीस गिगाबिटची सेवा जाहीर झाली, जिचा सामान्य कुटुंबाला काय उपयोग हे अद्याप कोणालाच उमगलेले नाही.

चॅटनूगा येथील टेनेसी विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ प्रा. बेंटो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने या तारेमुळे भागाला सुमारे २६९ कोटी डॉलरांचा लाभ झाला आणि साडेनऊ हजारांच्या आसपास रोजगार निर्माण झाले. असे आकडे काळजीपूर्वक घ्यावे लागतात. जो रोजगार आला तो तार नसती तर आलाच नसता, हे सिद्ध करणे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला पूर्णपणे साधत नाही. पण त्या हिशेबातील एक भाग भक्कम आहे : वीज खंडित होण्याचा काळ घटल्यामुळे वाचलेला पैसा. तो घड्याळ लावून मोजता येतो.

ही सेवा गरिबापर्यंत पोचली का? पहिली काही वर्षे तरी पुरेशी नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. तार दारावरून गेली, पण सत्तर डॉलर प्रत्येकाकडे नव्हते. शाळेत मोफत वा सवलतीचे जेवण मिळणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी २०१५ मध्ये सुमारे सत्तावीस डॉलरांची योजना निघाली; खर्चापेक्षा कमी दर लावण्यास कायद्याची मनाई असल्याने त्याखाली जाता आले नाही. खरी उडी २०२० च्या जुलैमध्ये पडली. साथीमुळे शाळा बंद होत्या. तेव्हा वीजमंडळ, जिल्ह्याची शाळाव्यवस्था, स्थानिक शासन आणि देणगीदार यांनी मिळून अशा सुमारे अठ्ठावीस हजार मुलांच्या घरी शंभर मेगाबिटची जोडणी विनामूल्य देण्याची योजना जाहीर केली, आणि ती दहा वर्षांसाठी. सार्वजनिक मालकीमुळे समता आपोआप येत नाही, ती निराळी मागून घ्यावी लागते; पण मागणी कोणाच्या दारात न्यायची हे तेथे गावाला ठाऊक होते. आपल्याकडे त्याच महिन्यांत काय चालले होते? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभरापैकी केवळ पंधरा घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. त्या भरवशावर ऑनलाइन शिक्षणाची घोषणा झाली आणि मुले सिग्नल शोधीत टेकड्यांवर आणि झाडांवर चढली.

चॅटनूगाच्या वेशीबाहेरची कथा अधिक बोलकी आहे. शेजारच्या खेड्यांनी आणि वाड्यांनी मंडळाकडे मागणी केली की आमच्याकडेही तार आणा. मंडळ तयार होते. परंतु राज्याचा कायदा असा की सार्वजनिक वीजसंस्थेने आपल्या विजेच्या हद्दीबाहेर इंटरनेट देऊ नये. दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हे बंधन रद्द ठरवले. उत्तर कॅरोलिनातील विल्सन नावाच्या छोट्या शहराने असाच उपक्रम चालवला होता; त्या राज्यानेही २०११ मध्ये कायदा करून त्याचे पाय बांधले होते, आणि आयोगाचा निर्णय त्यालाही लागू होता. दोन्ही राज्य सरकारे या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की राज्याने आपल्याच नगरसंस्थांवर घातलेले बंधन मोडण्याचा अधिकार आयोगाला नाही. १९३९ मध्ये भांडवल न्यायालयात हरले होते. तेव्हापासून ते शहाणे झाले आणि विधिमंडळात काम करू लागले. २०१७ मध्ये टेनेसीने ग्रामीण इंटरनेटसाठी नवा कायदा केला. त्याने वीज सहकारी संस्थांना इंटरनेट देण्याची मुभा दिली, तिचे स्वागतच केले पाहिजे. शहरांच्या मंडळांवरची बंदी मात्र तशीच ठेवली, आणि सेवा पुरवणाऱ्यांना अनुदान व करसवलत मिळून साडेचार कोटी डॉलरांची तरतूद केली. वेशीवर तयार उभी असलेली, अनुदानही न मागणारी संस्था थांबवून ठेवायची आणि यायला नाखूष असलेल्यांना पैसे देऊन बोलवायचे, असा हा व्यवहार!

सर्वच गावांना असे यश लाभले नाही. यूटा राज्यातील प्रोव्हो शहराने सुमारे चार कोटी डॉलर खर्चून जाळे बांधले. राज्याच्या कायद्यानुसार शहराला थेट ग्राहकाला सेवा विकण्याची बंदी होती, म्हणून ते घाऊक पुरवठादार राहिले. ग्राहक आणि नफा मध्यस्थांचा, कर्ज शहराचे. २०१३ मध्ये हे जाळे गूगलला एका डॉलरला विकावे लागले, आणि कर्जाचे हप्ते नागरिक त्यानंतरही फेडत राहिले. व्हर्मांटमधील बर्लिंग्टन हे तर समाजवादी महापौरांची परंपरा सांगणारे शहर. तेथील नगर प्रशासनाने तोटा झाकण्यासाठी शहराच्या सामाईक निधीतून सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर दूरसंचार विभागात वळवले. बाहेर आल्यावर शहराची पत घसरली आणि अखेर २०१९ मध्ये ते जाळे खाजगी कंपनीकडे गेले. प्रोव्होचा दोष कायद्याचा होता. बर्लिंग्टनचा दोष हिशेब लपवण्याचा होता, आणि त्याचे खापर भांडवलदारांवर फोडता येणार नाही.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला तेव्हा अमेरिकन वीज सहकारी संस्थांच्या साहाय्याने देशात पाच प्रायोगिक सहकारी संस्था उभारल्या गेल्या. म्हणजे ज्या चळवळीने टेनेसी-नेब्रास्काच्या शेतघरात दिवा लावला तिचेच रोप अहमदनगर जिल्ह्यात लावले गेले. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ती हीच. आरंभी तिने काम केले, खेड्यांत वीज गेली. मग शेतीपंपांच्या न मोजलेल्या विजेचा हिशेब, वरच्या मंडळाची वाढती थकबाकी आणि घराण्याच्या राजकारणात अडकलेले संचालक मंडळ यांनी तिला आतून पोखरले. २०११ च्या आरंभी तिचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेले. त्याच पाचांपैकी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था आजही वीज वाटते. तिच्या निवडणुका कशा लढवल्या जातात हे सीमाभागातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. सहकार अयशस्वी झाला असे म्हणून मोकळे होता येते. पण थकबाकी वाढत असताना सभासदांच्या सर्वसाधारण सभेत हिशेब मागणारे किती होते, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारलेला बरा.

आजचे चित्र पाहू. केरळने वीजमंडळाच्या खांबांवरून तार नेऊन सार्वजनिक जाळे उभारले आणि जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले. उद्दिष्ट वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणीचे. पहिल्या टप्प्यासाठी ठरवलेली संख्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात शंभर, म्हणजे चौदा हजार. अंतर फार मोठे आहे, आणि पक्षाची सरकारे असली तरी ते अंतर मोजलेच पाहिजे. केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिचेच नाव पुढे भारतनेट पडले. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा संकल्प. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारातून जमलेल्या निधीतून येतो, म्हणजे अंती ग्राहकाच्या बिलातून. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या रकमेची योजना आपल्या पंचायतीच्या दारात येऊन उभी आहे, आणि तिच्याविषयी ग्रामसभेत एखादा ठराव झाल्याचे क्वचितच ऐकू येते. कित्येक पंचायतींत तार आली, भिंतीवर पेटी बसली, आणि पेटीतला दिवा विझलेलाच राहिला. पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा आता उत्पन्नातील वाट्यावर स्थानिक उद्योजकांकडे सोपवला जात आहे. तो उद्योजक गावचा होतकरू तरुण असेल तर आनंदच आहे. तो सरपंचाचा पुतण्या असण्याचीही शक्यता आहे.

मुंबईत १९४७ पासून महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाकडे वीज आहे, राज्यभर महावितरणचे खांब आहेत, पंचायतींकडे दिवाबत्ती आहे. सामग्रीचा तुटवडा नाही. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत आणि प्रभाग सभांत काही साध्या गोष्टी विचारून लेखी उत्तर घ्यावे. गावात आलेली तार कोणाच्या मालकीची आहे आणि किती वर्षांच्या कराराने कोणाला वापरायला दिली आहे? पंचायतीच्या खांबांवरून खाजगी केबल जाते तिचे भाडे किती, आणि ते कोणत्या खात्यात जमा होते? शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि स्वस्त धान्याचे दुकान यांपैकी कोठे जोडणी प्रत्यक्ष चालू आहे? जोडणी बंद पडली तर तक्रार कोणाकडे जाते, दुरुस्ती करणारा माणूस कोणत्या गावी राहतो, आणि तो पगारी आहे की ठेकेदाराच्या रोजंदारीवर? चॅटनूगात हा माणूस वीजमंडळाचा नोकर असतो. त्याची गाडी त्याच गावातल्या आगारात उभी असते.